परीक्षा ऑनलाइन नव्हती

आज डोकं इतकं तापलंय की दुपारी जेवणही धड गेलं नाही. पोस्ट लांबणार आहे. ज्यांची मुलं खेळतात त्यांनी तरी पूर्ण वाचा.

भाचीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी सकाळी गोव्यात बार्देशातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात गेले होते. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या बाईंनी फाइल उघडली, मार्कशीटवर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेच्या बोर्डाचं नाव वाचलं आणि फाइल परत माझ्याकडे सरकवली. "बाय, हें ऑनलायन हांगा चलना." म्हणजे हे ऑनलाइन इथे चालत नाही. पोरगी बाजूलाच उभी. मागे रांगेत तिच्या जुन्या वर्गातल्या मुली आणि त्यांच्या आया. मी म्हटलं, मॅडम, हे केंद्र सरकारचं बोर्ड आहे. त्या म्हणाल्या, असेल, पण शाळेत न जाता दहावी झालेल्या मुलांना आम्ही घेऊन काय करायचं?

शाळेत न जाता!

ही मुलगी आठवीपर्यंत अस्नोड्याहून रोज म्हापशाला शाळेत यायची. दुपारी शाळा सुटली की डबा खाऊन म्हापशातल्याच पेडेच्या हॉकी टर्फवर. ती गोलकीपर आहे. गोलकीपरची बॅग तुम्ही पाहिलीय का कधी? पॅड, किकर्स, हेल्मेट, चेस्ट गार्ड, सगळं मिळून बॅग जवळजवळ तिच्याच उंचीची. बसमध्ये कंडक्टर कुरकुर करायचा, पेडेहून स्टँडपर्यंत चालत यायची, घरी पोचेपर्यंत काळोख. आणि तरी गृहपाठ पूर्ण. मी गणित शिकवते, त्यामुळे वही तपासायला माझ्याकडे यायची, म्हणून सांगते. ही मुलगी अभ्यासापासून पळणारी नव्हती.

मग तिची निवड झाली एका निवासी हॉकी अकॅडमीत, गोव्याबाहेर. घरात पेढे वाटले. कोण नाही वाटणार? राहणं, खाणं, किट, चांगलं टर्फ, चांगले कोच. अभ्यासाचं काय, असं तिच्या बाबांनी विचारलं, तर उत्तर मिळालं, "आमचं ऑनलाइन स्कूलशी टायअप आहे, काही काळजी करू नका." सकाळ-संध्याकाळ दोन सेशन, मध्ये ऑनलाइन शाळा. ऐकायला किती छान वाटतं.

वर्षाच्या शेवटी मे महिन्यात ती सुट्टीला आली तेव्हा नववीचं प्रगतिपुस्तक घेऊन आली. चौऱ्याण्णव टक्के. रंगीत कागद, वर शाळेचा लोगो, खाली कुणाची तरी छापील सही. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसली होती, मी भाकऱ्या भाजत होते. सहज म्हटलं, एका संख्येच्या तिपटीत सात मिळवले तर बावीस येतात, संख्या सांग बघू. तिने पेन्सिल घेतली. कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. माझी भाकरी करपली तरी उत्तर येईना. हेच गणित ती सातवीत तोंडी करायची. शेवटी मान वर न करता म्हणाली, "मावशी, मला वाटलं होतं मी हुशार झाले."

त्या वाक्याचा मला अजून राग येतो. तिचा नाही. ज्यांनी तिला चौऱ्याण्णव दिले त्यांचा.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. "शाळा" म्हणजे एक लॉगिन आणि आधीच रेकॉर्ड करून ठेवलेले व्हिडिओ. खोलीत आठ मुली आणि नेट अर्धा वेळ बंद. सकाळच्या सेशननंतर शरीर इतकं थकलेलं असायचं की व्हिडिओ चालू ठेवून मुली झोपायच्या, आणि व्हिडिओ संपला की हजेरी आपोआप लागायची. चाचणीत उत्तर चुकलं तर परत द्या, परत चुकलं तर परत द्या, बरोबर येईपर्यंत. वर्षभरात एकाही शिक्षकाला तिचं नाव माहीत नव्हतं. चौदा वर्षांच्या मुलीने दमून झोपावं यात तिचा काय दोष? तिला उठवायला, "काल काय समजलं नाही ते दाखव" म्हणायला एक माणूस नको का त्या खोलीत?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ही शाळा कुठल्याच बोर्डाशी जोडलेली नव्हती. सीबीएसई नाही, राज्य बोर्ड नाही, काही नाही. दहावीला बोर्डाचा फॉर्म "पालकांनी आपापला भरायचा असतो", हे आम्ही फोन केल्यावर कळलं. फोन केला नसता तर?

तिला परत आणलं. अकॅडमी सुटली म्हणून रडली बिचारी. एनआयओएसमध्ये नाव घातलं. सकाळी अभ्यास, दुपारी माझ्याकडे गणित, संध्याकाळी पेडे. पाच विषय, त्यांच्या असाइनमेंट, आणि मग केंद्रावर हॉल तिकीट घेऊन, पर्यवेक्षकासमोर बसून, कागदावर पेनाने लिहिलेली परीक्षा. त्रेसष्ट टक्के मिळाले. ते चौऱ्याण्णव तिचे नव्हतेच. हे त्रेसष्ट तिचे आहेत, एकेक मार्क तिचा. आणि आज ज्याला "ऑनलायन" म्हणून परत केलं तो हाच कागद!

म्हणून जरा स्पष्ट लिहिते, कारण शिकलेल्या लोकांचाही इथे गोंधळ आहे. एनआयओएस म्हणजे कुणी दुकान उघडून बसलेलं नाही. १९८९ साली सुरू झालेली, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालची संस्था आहे ती. तिचं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र इतर राष्ट्रीय बोर्डांच्या बरोबरीचं. वर्षातून दोनदा परीक्षा होते. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. राष्ट्रीय स्पर्धा ऐन परीक्षेच्या काळात आली तर दोन विषय आता आणि तीन नंतर देता येतात. खेळणाऱ्या मुलांना याहून सोयीचं दुसरं काय असणार? घरी बसून शिका, मोबाइलवर शिका, मावशीच्या टेबलावर शिका, पण परीक्षा समोर बसूनच द्यावी लागते.

हो, ओपन स्कूलच्या काही केंद्रांवर कॉपी चालते असं लोक म्हणतात. चालत असेल. म्हणून प्रामाणिकपणे लिहिलेल्या मुलीचा कागद फेकून द्यायचा का?

"मग रोजची शाळा काय वाईट होती" असं विचारणारे येतीलच कमेंटमध्ये. रोजची शाळा उत्तमच आहे हो, मी स्वतः तिथेच उभी असते. पण सीबीएसईला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. खेळाडूंना सूट आहे, मात्र तिच्यासाठी कागदपत्रं गोळा करा, मुख्याध्यापकांच्या पाया पडा, आणि त्यांच्या मनात आलं तर प्रकरण पुढे जाणार. आपलं गोवा बोर्ड खेळाडूंना क्रीडागुण देतं, चांगली गोष्ट आहे. पण कॅम्पमध्ये बुडालेली रसायनशास्त्राची प्रकरणं त्या गुणांनी डोक्यात शिरत नाहीत. मुलं शिबिराहून येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि त्यांना कुणी मागे वळून घ्यायला येत नाही. माझ्या वर्गातही पस्तीस-चाळीस मुलं असतात, एकासाठी थांबायचं म्हटलं तर तारेवरची कसरत. तेव्हा ऑनलाइन शिकण्यालाच शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. २०२० मध्ये सत्तरी-सांग्याची मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसत होती तेव्हा सगळ्यांनी ऑनलाइनला नावं ठेवली, पण त्याच काळात काही शिक्षक रात्री फोन करून एकेका मुलाची शंका सोडवत होते. ती मुलं शिकली. म्हणजे पडदा होता की फळा, याने तेवढा फरक पडला नाही. पलीकडे कुणी होतं की नाही, याने पडला.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांची एनसीएए नावाची संघटना आहे. तिथे मुलींना फील्ड हॉकीवर शिष्यवृत्त्या मिळतात. शाळेतला ऑनलाइन कोर्स मान्य करायचा की नाही हे ठरवताना ते विचारतात की शिक्षक आणि मुलाचा सतत संपर्क होता का, आणि कोर्सला ठरलेला कालावधी होता का. ऑनलाइन आहे म्हणून बाहेर फेकत नाहीत, की ऑनलाइन आहे म्हणून डोळे मिटून आतही घेत नाहीत. भाचीच्या त्या चौऱ्याण्णवाला हे दोन प्रश्न विचारले असते तर पहिल्याच प्रश्नावर कागद गळून पडला असता.

आता कुणी म्हणेल, खेळाडूला दहावीचं काय घेऊन बसलात, भारताचा हॉकी गोलकीपर श्रीजेश, त्याला कोणी मार्क विचारले? श्रीजेशचंच उदाहरण घ्या. बाराव्या वर्षी तो तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा स्पोर्ट्स स्कूलमध्ये गेला. स्पोर्ट्स स्कूल, म्हणजे जिथे मैदानही आहे आणि वर्गही. वडिलांनी त्याच्या पॅडसाठी गाय विकली. पुढे तो पॅरिसला ८ ऑगस्ट २०२४ रोजी कांस्यपदक घेऊन निवृत्त झाला. आणि त्या पॅरिसच्या सोळा जणांच्या संघात गोलकीपर किती होते? एक. अख्ख्या देशातून एक! दुसरा राखीव म्हणून बाहेर. अकॅडम्या दरवर्षी चौदा-पंधरा वर्षांच्या किती गोलकीपर मुली गोळा करतात? त्या सगळ्यांचं पुढे काय होतं हे कुणी पाहिलंय?

बहुतेकींचं होतं ते नोकरीत. खेळाच्या कोट्यातली नोकरी, रेल्वे वगैरे. आणि रेल्वेच्या क्रीडा कोट्यात खालच्या लेव्हलला दहावी लागते, वरच्याला बारावी, त्याच्या वर पदवी. पदक तेच, खेळ तोच, पण हातातल्या कागदाप्रमाणे जन्मभराचा पगार वेगळा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघात आपले गोंयकार मूळ असलेले लिओ पिंटो होते, तेही गोलकीपर. वॉल्टर डिसोझा होते, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ होते. त्या काळी मुंबईत हॉकीची काठी चांगली चालली की कंपन्या बोलावून नोकरी द्यायच्या. आज कागद पुढे केल्याशिवाय कुणी खुर्ची देत नाही. कागद खोटा निघाला तर पंचवीस वर्षांच्या मुलीने काय करायचं? तोवर गुडघेही गेलेले असतात.

लिहिता लिहिता थोडी शांत झालेय. काउंटरवरच्या त्या बाईंबद्दल सकाळी मनात आलं ते सगळं इथे लिहिणार होते, आता लिहीत नाही. भाचीला मिळालं होतं तसं चौऱ्याण्णव टक्क्यांचं रंगीत प्रगतिपुस्तक त्यांच्याही टेबलावर कितीदा आलं असेल. असे कागद वाटणाऱ्यांनीच सगळ्यांचं नाव घालवलंय. त्यांच्या पापाचं फळ माझी भाची काउंटरवर भोगते. तरीही, मॅडम, मार्कशीट वाचायला दोन मिनिटं लागतात. वाचायला हवी होती. मुलीच्या तोंडावर तसं बोलायला नको होतं.

पण माझा खरा राग अकॅडम्यांवर आहे आणि तो काही केल्या जात नाही. चौदा वर्षांची मुलगी तुम्ही तिच्या शाळेतून उचलून नेता ना? मग तिची शाळा ही तुमची जबाबदारी झाली. टर्फवर पाणी मारायला माणूस आहे, स्वयंपाकाला आचारी आहे, फिजिओ आहे, व्हिडिओ अॅनालिसिसवाला आहे. दुपारी दोन तास खोलीत बसून मुलींची वही बघणारा एक शिक्षक परवडत नाही? खेलो इंडिया या क्रीडा योजनेतल्या मुलांवर सरकार दर वर्षाला सहा लाखांच्या वर खर्च करतं. त्यात एका गणिताच्या मास्तराला जागा निघत नाही हे मला कुणी पटवून देऊ नये. शिक्षक असला तर ऑनलाइन वर्ग खुशाल चालवा, माझी हरकत नाही. शिक्षक नसेल तर "टायअप" म्हणू नका त्याला.

२०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत हॉकी आपल्या पेडेवर झाली तेव्हा इथे खेळणाऱ्या आपल्या मुली गेटवर उभ्या राहून बाहेरगावच्या खेळाडूंना डोळे विस्फारून बघत होत्या. आता यातल्या कित्येकींना बाहेरच्या अकॅडम्यांचे फोन येतात. जाऊ द्या त्यांना, अडवू नका. पण पेढे वाटायच्या आधी विचारा, दहावीच्या मार्कशीटवर कुठल्या बोर्डाचं नाव येणार? नोंदणी कोण करणार, आणि तिची पावती आम्हाला कधी मिळणार? परीक्षा कुठे बसून द्यायची? रोज माझ्या मुलीशी बोलणारा शिक्षक कोण, त्याचा नंबर द्या. उत्तर देताना ते घुटमळले तर समजा.

पेडेवर मुलं पाठवणाऱ्या आई-वडिलांपैकी कुणी एनआयओएसचा फॉर्म भरताना अडलं असेल तर इनबॉक्समध्ये या, मी बसवून भरून देईन. गणितही घेईन, संध्याकाळी सातनंतर, मुलं टर्फवरून सुटली की. पैसे नकोत. विज्ञान आणि इंग्रजीसाठी म्हापसा-थिवी बाजूचं कुणी तयार असेल तर खाली नाव लिहा, आणि ज्यांच्या ओळखीत असे शिक्षक आहेत त्यांनी त्यांना टॅग करा.