शिलाँग पाहिलं, पण शिलाँगच्या माणसाला घर नाही

आमच्या खारघरमध्ये मेघालय, आसाम, सिक्कीम पाहून आलेली कुटुंबं आता बिल्डिंगगणिक सापडतील. डावकीच्या नितळ पाण्यावरची होडी, झाडाच्या मुळांचे जिवंत पूल, सगळं त्यांच्या स्टेटसवर असतं. आणि यांच्यातलेच काही जण सोसायटीच्या मीटिंगमध्ये उठून म्हणतात, "नॉर्थ-ईस्टवाल्यांना फ्लॅट भाड्याने देऊ नका, त्यांचं खाणंपिणं आपल्याला चालणार नाही." हे मी समोर बसून ऐकलंय. प्रवासाने माणसाचं मन मोठं होतं, असं आपण सहज बोलून जातो. मला ते आता सरसकट पटत नाही.

नुसत्या फिरण्याने पूर्वग्रह जात नाहीत. तिथल्या माणसावाचून आपलं अडतं तेव्हा ते जायला लागतात. सकाळी पोहे, रात्री वरणभात, बसमध्ये सगळे मराठी आणि टूर मॅनेजरही मराठी, अशा सहलीत डोंगर-धबधबे दिसतात. माणसं मात्र बसच्या काचेपलीकडेच राहतात. (या टूरना मी नावं ठेवत नाही. माझ्या आईला उतारवयात हिमालय दिसला तो त्यांच्यामुळेच.)

आम्ही मेघालयात गेलो ते गुवाहाटीहून शेअर सुमोने, आणि सोहऱ्याला, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या चेरापुंजीला, एका घरी राहिलो. रविवार उजाडला. सगळे चर्चला गेलेले, दुकानं बंद, गाड्या बंद. त्या दिवशीचं आमचं खाणं-पिणं, पुढच्या गाडीची व्यवस्था, सगळं घरच्या बाईंच्या हातात होतं. त्यांना सगळे 'काँग' म्हणत, म्हणजे ताई. आम्ही डुकराचं मांस खात नाही म्हटल्यावर त्यांनी भात आणि बटाट्याची भाजी वेगळ्या भांड्यात शिजवली आणि भांडं वेगळं आहे हे मुद्दाम दाखवलं. जेवल्यावर क्वाय दिलं: ओली सुपारी, पान, चुना. पाहुण्याला विडा द्यायची रीत आपलीही आहे, त्यामुळे तिथे परकं वाटलंच नाही.

काँग ज्या खासी या आदिवासी समाजातल्या, त्याच्याबद्दल टूरच्या माहितीपत्रकात हमखास 'स्त्रियांचं राज्य' असं छापलेलं असतं. मुलं आईचं कूळ लावतात आणि घराण्याचं घर धाकट्या मुलीकडे जातं, हे खरं आहे. पण काँग स्वतः धाकट्या. त्या म्हणाल्या, "घर माझं, तशी आईची औषधं माझी, बिनलग्नाचा भाऊ माझा. आणि जमीन विकायची झाली तर मामाला विचारल्याशिवाय पान हलत नाही." गावच्या पारंपरिक दरबारात, म्हणजे गावसभेत, तर बायकांना बसायची रीतच नव्हती. म्हणजे आदिवासी मागासलेले, हा एक समज, आणि तिथे बायका राज्य करतात, हा दुसरा. दुसरा कौतुकाचा आहे म्हणून आपण तो बिनदिक्कत घेऊन परततो. मला तो तितकाच घातक वाटतो, कारण त्यात काँगना दिवसभर किती ओढावं लागतं ते दिसतच नाही.

आणि 'नॉर्थ-ईस्टवाले' म्हणजे नेमके कोण? खासी भाषेचं नातं झारखंडच्या मुंडारीशी आणि कंबोडियाच्या ख्मेरशी आहे. त्याच मेघालयातल्या गारो लोकांची भाषा तिबेटो-बर्मन, पूर्ण वेगळ्या कुळातली. तिथे बहुसंख्य ख्रिश्चन आहेत, पण जुना खासी धर्म टिकवण्यासाठी १८९९ मध्ये स्थापन झालेली सेंग खासी ही संस्था आजही काम करते. आपल्याला कुणी 'तुम्ही साऊथवाले' म्हटलं तर आपण लगेच दुरुस्त करतो. मग त्यांचं वेगळेपण जाणून घ्यायला आपल्याला जड का जावं?

आता मुद्द्याचं बोलते. आपल्या खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक, म्हणजे कर्करोगाचं रुग्णालय आणि संशोधन केंद्र आहे. ईशान्य भारतात कर्करोगाचं प्रमाण फार मोठं आहे. खासी टेकड्यांमध्ये अन्ननलिकेचा कर्करोग विशेष आढळतो. तिथली कुटुंबं पेशंटला घेऊन इथे येतात आणि महिनोन् महिने राहतात. वाशीत निरनिराळ्या राज्यांची भवनं आहेत, पण तिथल्या खोल्या कितीजणांना पुरणार? बाकीचे आपल्या गल्लीत खोली शोधत फिरतात. हाही प्रवासच आहे, आणि हौसेने कुणी केलेला नाही. तिकडे रविवारी आम्ही जसे काँगच्या भरवशावर होतो, तसे हे लोक इथे आपल्या भरवशावर असतात. फरक एवढाच की आम्हाला कुणी "तुम्ही काय खाता?" विचारून दारातून परत पाठवलं नव्हतं.

सोसायटीला भाडेकरूची ओळखपत्रं हवीत, पोलीस पडताळणी हवी, भाडेकरार नोंदवलेला हवा. हे सगळं जरूर मागा, माझाही आग्रह आहे, आणि ते मराठी भाडेकरूकडूनही मागा. पण चेहरा पाहून आणि डब्याचा वास घेऊन नकार देणं मला मान्य नाही, आणि येत्या सर्वसाधारण सभेत मी हे नावासकट लेखी देणार आहे. आमच्या बिल्डिंगमधले जे कुणी मेघालय पाहून आलेत, त्यांनी त्या दिवशी माझ्या बाजूने हात वर करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. आणि खारघर-बेलापूरकडे कुणाची वन आरके रिकामी असेल, पेशंटच्या कुटुंबाला द्यायची तयारी असेल, तर मला मेसेज करा.