जिवतीच्या अक्षता आणि 'पीजी नकोत'चा ठराव

श्रावणात आमच्याकडे देवघराशेजारी जिवतीचा कागद लागतो. आघाडा-दुर्वांची माळ दादरच्या फुलबाजारात मिळते, पुरण घरी होतं. प्रश्न येतो तो शुक्रवारी, ओवाळायच्या वेळी. ज्यांच्यासाठी पुरणाचे दिवे लावायचे, ती मुलं असतात कुठे घरात? आमच्या इमारतीतल्या कितीतरी घरांतली मुलं बंगळुरूला, जर्मनीला, कॅनडाला. माझी लेकही आता नोकरीसाठी हैदराबादला, पीजीमध्ये म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून राहते. मूल परगावी असलं तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या, अशी आपली रीत आहे. ही रीत मला फार मोठी वाटते.

शुक्रवारची कहाणी आठवून बघा. राणीला मूल नसतं म्हणून ती सुईणीला हाताशी धरून गरीब ब्राह्मणीचं बाळ पळवते. त्या बाईला बाळ कुठे आहे, कुणाकडे आहे, काहीच ठाऊक नाही. ती दर शुक्रवारी जिवतीला हात जोडते, बाळ असेल तिथे खुशाल असू दे म्हणते आणि तांदूळ उडवते. ते जाऊन पडतात बाळाच्या डोक्यावर. परत आणून दे, असंही ती म्हणत नाही. मूल दुसऱ्याच्या घरात वाढतंय आणि तिथेच त्याचं बरं व्हावं, हे मागायला केवढी छाती लागते!

प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाचंही तसंच. १८०१ साली ते देऊळ उभं राहिलं ते माटुंग्याच्या देऊबाई पाटील यांच्या पैशातून. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. आपल्याला नाही तर नाही, इथे येणाऱ्या दुसऱ्या बायकांची ओटी तरी भरावी, ही त्यांची इच्छा. मंगळवारी रांगेत उभं राहताना आपण आपल्या मुलांच्या परीक्षा, व्हिसा, लग्न मागतो. मागावं की. पण देऊळ बांधणारीने काय मागितलं होतं, तेही ध्यानात असावं.

माझ्या आईची श्रद्धा मी पाहिली ती २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मी ऑफिसातून निघालेली, कलिन्यात कंबरभर पाण्यात अडकले. फोन बंद. एका ख्रिस्ती मावशींनी हाक मारून घरात घेतलं, कोरडा गाऊन दिला, चहात बुडवायला पाव दिला. त्यांच्या मेरीमाउलीपुढे मेणबत्ती जळत होती. त्यांचा स्वतःचा मुलगा चर्चगेटकडे कुठेतरी अडकलेला.

तिकडे जोगेश्वरीला आमच्या घरी आईने देवापुढे समई लावली आणि ती तिथे बसून राहिली नाही. हायवेवरून माणसांची रांग चालत होती, भिजलेली, चपला हातात घेतलेली. आईने घरातल्या सर्वांत मोठ्या पातेल्यात भात टाकला, पिठलं केलं. वीज नव्हती. जिन्यात मेणबत्त्या लावून ओळीने पानं मांडली. एका पोरीला माझा पंजाबी ड्रेस दिला, तो तिला आखूड होत होता. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले तेव्हा चार अनोळखी माणसं आमच्या हॉलमध्ये झोपलेली होती. तुला माझी काळजी नाही का वाटली, असं विचारल्यावर ती म्हणाली, "अगं, तूपण कुणाच्या तरी दारात उभी असशील. मग माझ्या दारातल्यांना परत कशी पाठवू?"

देवावर भार टाकणं म्हणजे मला तेव्हापासून हेच वाटतं. 'तुझ्यासाठी किती उपास केले' हे मुलांना ऐकवणं मला पटत नाही. उपास देवाचा असेल तर त्याचं बिल मुलांना का? काळजी करू नका असं मी म्हणत नाही. लेकीच्या पीजीचं कुलूप, खिडकी, जिना, सगळं मी जाऊन पाहून आले. पण लाइव्ह लोकेशन मागितलं नाही. उशीर झाला तर एक मेसेज टाक, एवढंच ठरलंय. हैदराबादेत तिच्या शेजारची बाई कशी निघेल हे माझ्या हातात नाही. माझ्या शेजारी राहायला आलेल्या मुलींशी मी कशी वागते, ते आहे.

म्हणून ही पोस्ट. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर नांदेड, सातारा, कणकवलीच्या मुली भाड्याने राहतात. करारनामा झालाय, पोलिसांकडे नोंद झालीय, सगळं रीतसर. तरी 'यापुढे पीजी आणि अविवाहित भाडेकरू नकोत' असा ठराव येतोय. कारण काय, तर उशिरा येतात, कपडे कसले घालतात, लिफ्टमध्ये मोठ्याने हसतात. सही करणाऱ्यांत अशा आया आहेत ज्यांची स्वतःची मुलं आज परक्या शहरात, परक्या घरमालकाकडे राहतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कणकवलीच्या त्या मुलीला मागच्या महिन्यात ताप होता तेव्हा तिची आई मला फोनवर रडत म्हणाली होती, "ताई, जरा बघशात ना?" तिने तिकडून उडवलेल्या अक्षता आपल्याच जिन्यात पडतायत हो.

या श्रावणात शुक्रवारी त्या तिघींना मी ओवाळायला बोलावलंय. आणि रविवारी सभेत ठरावाच्या विरोधात बोलणार आहे. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी सभेला याच, आणि हात वर करण्याआधी आपल्या मुलांना एक फोन लावून विचारा, तुम्हाला तिथे घर मिळायला किती दिवस लागले ते.