पौंडाला रुपयाने गुणायचं कुणी? लीड्सच्या मिरजकरांना उत्तर

लीड्सहून ‘मिरजकर’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांनी माझ्या मागच्या लेखावर सणसणीत प्रतिक्रिया दिली आहे. कमाईच्या मानाने पाहिलं तर सांगलीतला फ्लॅट इंग्लंडमधल्या घरापेक्षा महाग पडतो, असं मी त्या लेखात म्हटलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पौंडाचे रुपये केले तर तिकडचं घर तीन कोटींच्या पुढे जातं, सांगलीत ४५ लाखांत टू बीएचके मिळतो, मग महाग कोण? शिवाय तिकडची घरं जुनाट आणि काड्यापेटीएवढी. सांगली जिल्हा पगारावर चालत नाही, त्यामुळे पगाराचं गणित फोल. आणि आपल्याकडच्या व्यवहारांचे कागदावरचे आकडे खरे नसतातच, तर तुलना कसली करता? घरबसल्या आकडे जुळवून पोरांना परदेशाची स्वप्नं दाखवू नका, असा आहेरही दिलाय. शेवटी मात्र सांगलीच्या विश्रामबागेत एक फ्लॅट आणि मिरजेबाहेर दहा गुंठे घ्यावेत का, हे विचारलंय.

मिरजकर साहेब, तुमचा गुणाकार बरोबर आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साठी इंग्लंडमधल्या घराची मधली किंमत, म्हणजे निम्मी घरं जिच्याहून स्वस्त आणि निम्मी महाग ती किंमत, सुमारे २ लाख ९० हजार पौंड दिली आहे. पौंड ११५ रुपयांना धरला तर झाले ३ कोटी ३३ लाख. पण हा गुणाकार कामाचा कुणाला? ज्याची कमाई पौंडात आणि खरेदी रुपयांत, त्याला. म्हणजे तुम्हाला. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पाळीत काम करणाऱ्याला लीड्समध्ये घर घ्यायचं नाही आणि लीड्सच्या नर्सला विश्रामबागेत घ्यायचं नाही. त्या दोघांना आपापल्या गावात, आपापल्या कमाईत घर बसतं का, एवढाच माझ्या लेखाचा विषय होता.

म्हणून रुपये-पौंड दोन्ही बाजूला ठेवू आणि एक चौरस फूट घ्यायला किती दिवस राबावं लागतं ते पाहू. इंग्लंडमधलं घर सरासरी ९५ चौरस मीटरच्या आसपास असतं, म्हणजे साधारण १,०२० चौरस फूट. मधली किंमत आणि सरासरी आकार यांची सांगड ढोबळ आहे, मान्य, पण अंदाजाला पुरते. फुटाला पडले २८४ पौंड. पूर्णवेळ नोकरदाराचा मधला पगार वर्षाला ३७ हजार ६०० पौंडांच्या आसपास, म्हणजे कामाच्या दिवसाला १४५ पौंड. एक फूट म्हणजे दोन दिवसांचं काम. आता तुमचाच ४५ लाखांचा फ्लॅट घेऊ. त्याचा कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापराची जागा, ६५० फूट धरला तर फुटाला ६,९०० रुपये. कुपवाडला डिप्लोमा झालेल्या, चार-सहा वर्षं अनुभव असलेल्या पोराचा पगार महिना ३० हजार धरला, तर महिन्याच्या २६ दिवसांनी भागून दिवसाला साडेअकराशे. एक फूट म्हणजे सहा दिवसांचं काम. ३० हजार कमी वाटत असतील तर ४५ करा, तरी चार दिवस होतातच.

गृहकर्जाच्या फायली बघण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे हे सहा दिवस कागदावर कसे दिसतात तेही सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. म्हणजे ३६ लाख कर्ज, ९ लाख पदरचे, म्हणजे मार्जिन मनी. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरत नाहीत, तो वेगळा. महापालिका हद्दीत ६ टक्क्यांनी २ लाख ७० हजार (बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत), नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत १ टक्का जीएसटी, तोही किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत असेल तरच, नाहीतर ५ टक्के. कितीतरी फ्लॅट नेमके ४५ लाखांच्या काठावर येऊन का थांबतात, हे आता लक्षात आलं असेल. एकूण साडेबारा लाख हातात हवेत. वर ३६ लाखांचा २० वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी ३१ हजारांच्या पुढे. पगार ३० हजार, हप्ता ३१ हजार! बँक पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता धरते, म्हणजे या पोराला कर्ज बसतं सतराएक लाखांचं. नवराबायको दोघं कमावती असतील तरच फाइल पुढे सरकते, आणि तरीही सासऱ्यांचा पीएफ निघाल्याशिवाय मार्जिन मनी जमत नाही.

इंग्लंडात सगळं आलबेल आहे असं मी लिहिलं नव्हतं, आताही लिहीत नाही. १९९७ साली तिथलं घर साधारण साडेतीन वर्षांच्या पगाराएवढं होतं, २०२४ मध्ये ते ७.७ वर्षांवर गेलं. बँका पगाराच्या साडेचारपटीच्या वर हात आखडता घेतात, कारण तशा कर्जांच्या प्रमाणावर बँक ऑफ इंग्लंडने २०१४ पासून मर्यादा घातली आहे. म्हणजे मधल्या पगाराच्या एकट्या माणसाला मधल्या किमतीचं घर तिथेही बसत नाही. पहिलं घर घेणाऱ्याला ३ लाख पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्यूटी नाही, एवढा मात्र दिलासा. पण ७.७ वर्षं कुठे आणि आपली साडेबारा वर्षं (४५ लाख भागिले वर्षाचा ३ लाख ६० हजार पगार) कुठे?

‘सांगली पगारावर चालत नाही’ हा तुमचा मुद्दा मला सगळ्यांत आवडला, कारण तो माझ्याच बाजूने बोलतो. विट्या-खानापूरची गलाई करणारी माणसं देशभर सोनं-चांदी गाळतात आणि पैसा गावाकडे आणतात. तासगावची द्राक्षं आहेत, हळदीचा बाजार आहे, ऊस आहे, मिरजेची हॉस्पिटलं आहेत. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. पुण्याच्या आयटीतली पोरं आई-बापांसाठी इथे फ्लॅट घेतात, आखातातले घेतात, लीड्सवाले घेतात. विश्रामबागेतला भाव ही मंडळी ठरवतात, कुपवाडचा पगार नव्हे. आणि ज्याला त्याच शहरात नोकरी करून राहायचंय, त्याला त्यांनी ठरवलेला भाव मोजावा लागतो. पगारापेक्षा घर महाग का, याचं कारण तुम्हीच दिलंत की ओ!

आता काड्यापेटी. तुम्ही लिहिलंय की तुमच्या मिरजेतल्या भावाचा टू बीएचके साडेनऊशे फुटांचा आहे आणि लीड्समधलं तुमचं अख्खं घर त्याहून लहान. भावाला करारनामा काढायला सांगा. साडेनऊशे हा सेलेबल असणार, त्यात जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा धरलेला. बिल्डरांना शिस्त लावणारा रेरा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला, तेव्हापासून विक्री कार्पेटवर दाखवावी लागते. कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची येत नाहीत. गंमत अशी की करारात हा आकडा चौरस मीटरमध्ये असतो आणि एजंटच्या तोंडात चौरस फुटांत, तोही सेलेबलचा. त्यामुळे सही करताना ‘६०.४ चौ.मी.’ वाचून कुणाच्या डोक्यात काही पेटत नाही. त्याला १०.७६४ ने गुणा, ६५० फूट येतात.

इंग्लंडमधलं माप, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतल्या बाजूपासून घेतलेलं आणि आतल्या भिंती धरलेलं, आपल्या रेरा कार्पेटच्या बरंच जवळ जातं. म्हणजे तुलना करायचीच तर कार्पेटशी करा, सेलेबलशी नको. तिथे २०१५ साली घरांच्या किमान आकाराची राष्ट्रीय मानकं आली. ती सक्तीची नाहीत, ज्या कौन्सिलने, म्हणजे तिकडच्या पालिकेने, स्वीकारली तिथेच लागू. त्यात दोन बेडरूमच्या, तीन माणसांच्या एकमजली घराला किमान ६१ चौरस मीटर लागतात, चार माणसांना ७०. आपला ६०.४ वाला टू बीएचके त्यांच्या तीन माणसांच्या किमान मापालाही थोडा कमीच पडतो. आणि त्यात राहतात किती? नवरा-बायको, दोन मुलं, चातुर्मासात सासूबाई. तिकडे घरटी सरासरी २.४ माणसं, भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे ४.४. माणशी जागा काढली तर तिथे ४० चौरस मीटर, आपल्या या फ्लॅटमध्ये चौघांत १५. काड्यापेटीत कोण राहतंय ते तुम्हीच ठरवा.

जुनाटपणाचं म्हणाल तर खरं आहे, इंग्लंडमधली साधारण पाचातलं एक घर १९१९ च्या आधीचं आहे. पण रांगेतल्या त्या घराखालची जमीन बहुधा फ्रीहोल्ड, मागच्या अंगणासकट मालकाची. आपल्याकडे चार मजली इमारतीत सोळा फ्लॅट आणि खाली दहाएक गुंठे, त्यात तुमचा अविभाज्य हिस्सा किती ते डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या घोषणापत्रात, टक्क्यांत शोधावं लागतं. इमारत तिशीला आली की पुढच्या गिऱ्हाइकाला कर्ज द्यायला बँक कुरकुरते. तिकडे शंभरीतल्या घरावरही कर्ज मिळतं, फक्त आधी सर्व्हेअरला पैसे मोजून ओल, छप्पर, वायरिंग तपासून घेतात. आपल्याकडे मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतात, पण नळ सोडून पाण्याचा दाब बघणारा माणूस मला क्वचितच भेटला.

आता आकडे खोटे असण्याबद्दल. अर्धं पटतं. इंग्लंड-वेल्समध्ये १९९५ पासूनच्या घरविक्रीच्या किमती लँड रजिस्ट्री उघड करते. शेजाऱ्याने कितीला घेतलं हे चहा पिता पिता बघता येतं. आपल्याकडे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा, ऑनलाइन दिसतो, पण त्यातली रक्कम रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, आसपास घुटमळते. रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली दाखवलं तर आयकर खातं फरक उत्पन्नात धरतं, म्हणून खाली फार जात नाहीत. वरचं काय ते रोखीत, आणि स्थावर व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला जून २०१५ पासून बंदी असूनही ते चालतं. पण साहेब, कागदावर न आलेला पैसा धरला तर सांगलीचं घर स्वस्त होतं की महाग? खोट्या आकड्यांनी माझं गणित बिघडत असेल, तर ते माझ्याच बाजूला बिघडतं.

बाकी सरकारी मूल्यांकनाचं फार कौतुक नको. इंग्लंडचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिकडची घरपट्टी, अजून घराच्या १ एप्रिल १९९१ च्या अंदाजित किमतीवरून ठरलेल्या बँडप्रमाणे घेतात. काल बांधलेल्या घराचीही ‘१९९१ ला काय किंमत असती’ हे काढतात. आपला रेडीरेकनर निदान मधूनमधून बदलतो.

एक गोष्ट तुम्ही काढली नाही, पण विश्रामबाग की नदीकडचा गावभाग हे ठरवताना तीच पहिली यायला हवी: पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ मध्ये पुन्हा तोच खेळ झाला. गावभागात अजून भिंतीवर पाण्याची रेघ दाखवतात, आणि एजंट त्याच भिंतीपाशी उभा राहून ‘एवढं परत येत नसतंय’ म्हणतो. तिकडे पत्ता टाकला की सरकारी संकेतस्थळावर पुराचा धोका दिसतो. बँक घराच्या विम्याशिवाय कर्ज देत नाही आणि २०१६ पासून फ्लड री नावाची योजना पूरभागातल्या घरांचा विमा परवडेल असा ठेवते. त्यातून २००९ पासून पुढे बांधलेली घरं मुद्दाम वगळली आहेत, म्हणजे बिल्डरने पूरभागात नव्याने बांधायला जाऊ नये. इथे पुराची हद्द दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल रेषेचा नकाशा आहे, पण तो बघायला मागणारं गिऱ्हाईक कमी. तुम्ही मागा.

आता तुमचा प्रश्न. फ्लॅट तुम्हाला नक्कीच स्वस्त पडेल, कारण तुमच्यापुरता तो गुणाकार खरा आहे. पण गुंतवणूक म्हणून बघत असाल तर ४५ लाखांच्या फ्लॅटला भाडं १० ते १२ हजार येईल, म्हणजे वर्षाला तीनेक टक्के, आणि त्यातून मेंटेनन्स आणि घरपट्टी जायची. आई-वडिलांसाठी घेत असाल तर हा हिशेब सोडा, तळमजल्याऐवजी पहिला-दुसरा मजला आणि चालू लिफ्ट बघा. पैसे तिकडून बँकेमार्फत किंवा परदेशस्थांच्या एनआरई, एनआरओ अशा खात्यांतूनच द्या. पुढे विकाल तेव्हा घेणारा तुमच्या रकमेतून टीडीएस कापेल, तो इथल्या माणसाच्या एक टक्क्यापेक्षा बराच जास्त असतो, हे आत्ताच माहीत असू द्या.

दहा गुंठ्यांचं मात्र सोडून द्या. परदेशस्थ भारतीयाला फेमा या परकीय चलन कायद्याखाली शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आली तर ठेवता येते. ‘होईल एनए, काळजी करू नका’ असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे जमीन बिगरशेती झाल्याचा सरकारी कागद आणि मंजूर रेखांकन मागा. सातबारावर पिकाची नोंद असलेला आणि गुंठे पाडून विकायला काढलेला तुकडा असेल तर टोकनसुद्धा देऊ नका. भावाच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर भाऊ शेतकरी असल्याचा दाखला आहे का ते आधी बघा, आणि नसेल तर हा विषय फोनवर तरी काढू नका, वहिनींना आवडायचा नाही.