गोगलगाय आणि चोवीस पाय

माझ्याकडे १९८७ सालची पोर्शे ९४४ आहे, हे वाक्य मी संधी मिळेल तिथे टाकतो. भारतातल्या नातेवाइकांना त्यातलं ‘पोर्शे’ तेवढं ऐकू येतं. न्यू जर्सीतल्या आमच्या शेजाऱ्यांना फक्त ‘१९८७’ दिसतं, कारण त्यांनी ती बऱ्याचदा ढकलली आहे.

गाडी दिसायला अजूनही देखणी आहे. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं. वळणावर ती अशी वळते की आपल्यालाच गाडी चालवता येते असं वाटू लागतं. अडचण सरळ रस्त्यावर येते. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, १४७ हॉर्सपॉवर. त्या काळी हा आकडा रुबाबाचा होता. आज बायकोची ऑफिसला जायची टोयोटा कॅमरी २०३ घोड्यांची आहे. एका रविवारी सिग्नल सुटल्यावर ही माझ्या शेजारून निघून गेली. मागच्या सीटवर पटेलच्या दुकानातल्या मेथीच्या जुड्या होत्या. मला ओव्हरटेक करतेय हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याचंच जास्त लागलं.

त्या रात्री मी चिप शोधायला बसलो.

या गाडीच्या इंजिनाचा कारभार डीएमई नावाचा बॉशचा एक डबा बघतो. गाडीच्या आतच, डॅशबोर्डखाली पायांच्या जागेत तो दडवलेला असतो. त्यात एक चिप, आणि चिपमध्ये एक भलामोठा तक्ता. त्याला पंचांग म्हणा. इंजिन सेकंदाला कित्येकदा विचारतं, ‘गुरुजी, आत्ता एवढे फेरे चाललेत, एवढी हवा आत येतेय, ठिणगीचा मुहूर्त कधीचा?’ पंचांग सांगतं, पिस्टन वर पोचायच्या इतके अंश आधी, आणि पेट्रोलची पिचकारी इतका वेळ. कारखान्यातला पंचांगकर्ता सावध माणूस. कुठल्या देशातला कोण कसलं पेट्रोल भरेल याचा भरवसा नाही, म्हणून तो मुहूर्त जरा उशिराचे काढतो. चिप विकणारा म्हणतो, चांगलं पेट्रोल घाला, मी मुहूर्त अलीकडे आणतो. एवढाच सगळा चमत्कार. जाहिरातीत १० घोडे जास्त देऊ केले होते.

हे सगळं पंचांग मावतं ४ किलोबाइटमध्ये. मी पोटासाठी क्लाउडचं काम करतो. आमच्याकडे ४ किलोबाइटमध्ये साधा एररचा मेसेजही पुरा होत नाही. मामा रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर दवबिंदू पाठवतो, त्या एका फुलात अशा शंभर पोर्शे धावतील.

बायको हिशोबाची पक्की. तिने दुकानाच्या बिलाच्या पाठीवर मांडलं : गाडी सुमारे १२७० किलो, घोडे १४७. त्याचे १५७ झाले तर जो फरक पडेल, तोच गाडीचं वजन ऐंशी-एक्क्याऐंशी किलोंनी कमी केल्यावर पडेल.

“तुझं वजन किती आहे?” तिने विचारलं.

८२. मी उत्तर दिलं नाही.

चिप आली. उघडून बघतो तर तिला अठ्ठावीस पाय, आणि डब्यातल्या जागेला भोकं चोवीस. १९८८च्या गाडीची चिप मी डबा न उघडताच मागवली होती. माप न घेता शिंप्याकडे कापड टाकणाऱ्या माणसाला आमच्या घरी जे ऐकावं लागतं, ते सगळं ऐकलं. ती परत गेली, दुसरी आली. किड्यासारखी काळी, दोन्ही अंगांना बारा-बारा पाय, आणि पाठीवर एक स्टिकर. त्या स्टिकरखाली काचेची खिडकी असते. अल्ट्राव्हायोलेट प्रकाश आत शिरला की लिहिलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून स्टिकर काढायचा नाही. पंचांगाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावल्यासारखं.

चिपचा दुसरा शत्रू म्हणजे अंगातली वीज. जानेवारीत इथली हवा इतकी कोरडी असते की दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी उडते. म्हणून मी लोकरीचा स्वेटर काढला, मनगटाला तांब्याची वायर गंड्यासारखी गुंडाळली, तिचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला लावलं आणि बनियनवर, डोकं डॅशबोर्डखाली आणि पाय सीटच्या पाठीवर अशा अवस्थेत गॅरेजमध्ये आडवा झालो. दार उघडं होतं. समोरच्या घरातल्या आजीबाई कुत्र्याला घेऊन जाताना थांबल्या. काही विचारलं नाही. कुत्र्यानेही नाही.

डबा निघाला, झाकण निघालं, जुनी चिप निघाली. चिपच्या एका टोकाला अर्धचंद्रासारखी खाच असते, ती जागेवरच्या खाचेकडेच यायला हवी. उलटी बसवून किल्ली फिरवली तर चिप जळते. हे मी चार वेळा तपासलं. मग अंगठ्याने दाबली. तेवीस पाय आत गेले आणि चोविसावा पोटाखाली दुमडून बसला. गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण शाळेत लिहिली होती, प्रात्यक्षिक वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी झालं. हिचा भुवयांचा चिमटा आणून श्वास रोखून तो पाय सरळ केला. असा पाय एकदा सरळ होतो, दुसऱ्यांदा तुटतो. सगळं बंद केलं, किल्ली फिरवली.

स्टार्टर फिरला, इंजिनाने मात्र ब्रदेखील काढला नाही.

मी जुनी चिप लावली. तरी नाही. परत नवी. तीन रात्री मी त्या डब्याची उघडझाप केली. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणी ‘रोलबॅक’, म्हणजे नवं काढून जुनं परत बसवा, म्हणालं की मला गॅरेज दिसायचं. रोलबॅक करूनही चालत नाही अशी वस्तू मी आजवर पाहिली नव्हती. चिपवाल्याला दोन सौम्य आणि एक कडक ईमेल पाठवला. त्याने शांतपणे एकच विचारलं : रिले बघितलात का?

डीएमईचा रिले हा काडेपेटीच्या चुलतभावासारखा काळा ठोकळा. डब्याला आणि पेट्रोलच्या पंपाला वीज देतो तो हाच. पस्तीस-चाळीस वर्षं गरम-थंड होऊन त्याच्या आतल्या सोल्डरिंगच्या डागांना चिरा जातात आणि मग एके दिवशी गाडी बसते. ९४४ बाळगणारे शहाणे लोक एक जास्तीचा रिले ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतात.

ग्लोव्ह बॉक्स! आधीच्या मालकाने गाडी देताना प्लॅस्टिकच्या पिशवीत एक काळा ठोकळा माझ्या हातात ठेवला होता आणि म्हणाला होता, “एक दिवस माझी आठवण काढशील.” मला वाटलं, भावुक झालाय. घरी आल्यावर ग्लोव्ह बॉक्समध्ये बडीशेपेच्या डबीला जागा हवी म्हणून तो ठोकळा मी बाहेर काढला होता. पुढे कुठे ठेवला, देव जाणे.

देव खरंच जाणत होते. चौथ्या संध्याकाळी ही देवघराच्या खणात कापूर शोधत होती. फुलवाती, जुन्या किल्ल्या आणि तुटका घंटीचा लोलक यांच्यामधून तिने ती पिशवी वर काढली.

“काखेत कळसा,” ती म्हणाली. म्हणीचा उरलेला भाग मी तीन रात्री गॅरेजमध्ये घालतच होतो.

रिले बसवला. किल्ली अर्धी फिरवायच्या आत इंजिन सुरू झालं. चिपवाल्याला माफीचा ईमेल पाठवला. त्यावर त्याने फक्त एक अंगठा पाठवला. मग चांगलं पेट्रोल भरायला गेलो. न्यू जर्सीत कायद्यानेच आपल्या हाताने पेट्रोल भरता येत नाही, आपल्याकडच्यासारखा पंपावरचा माणूस भरतो. त्याला रुबाबात ९३ ऑक्टेन सांगितलं. त्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि “शुअर?” असं विचारलं.

तिथून एडिसनच्या ओक ट्री रोडवर आलो. शनिवारची संध्याकाळ, मिठाईच्या दुकानांसमोर दुहेरी पार्किंग, बाबागाड्या, साड्यांच्या पिशव्या. एकशे सत्तावन्न घोडे ताशी आठ मैलांनी चालले होते. तरी पहिल्या गिअरमध्ये मला काहीतरी वेगळं जाणवत होतं. निदान आवाज जरा भरदार झाला होता. निदान खिडकी उघडी होती.

“फरक पडलाय,” मी घरी आल्या आल्या जाहीर केलं.

“बघू.” हिने किल्ली घेतली. कॉलेजात असताना वडिलांच्या मारुती ८००वर शिकलेली, त्यामुळे क्लचची तिला भीती नाही. मी दुसऱ्या बाजूने चढायला गेलो, तर तिने आतून दार लॉक केलं आणि गेली. वीस मिनिटांनी परत आली. गाल लाल झाले होते.

“खूपच फरक आहे रे,” ती म्हणाली. “ऐंशी किलोंचा तरी असेल.”