'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: टाकीची सावली

स्पष्टवक्ता साहेब,

गच्चीवरच्या सोलार पॅनलवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. 'घरबसल्या पुस्तकी सोलार शिकवणारे' या बिरुदासकट ठेवली आहे. मतभेद असू द्यात, पण अनोळखी माणसाशी असं बोलायची कुठली रीत? वायरमनचा परवाना खिशात घालून सोलापूरच्या गच्च्या तुडवल्यात मी, तेही मे महिन्यात. पुस्तकं नंतर आली.

एक मान्य. पॅनलचा उतार सोलापूरला 18 अंशच हवा, असं मी जरा ठासून लिहिलं. तुम्ही म्हणता 12 अंशांवरही भागतं. भागतं. वर्षाच्या युनिटांत नावापुरता फरक पडतो आणि पॅनल वाराही कमी धरतं. झालं समाधान?

पण 'टाकीची सावली पॅनलच्या कडेला थोडा वेळ पडली तर असा काय फरक पडतो?' हे वाक्य सोडणार नाही. डिसेंबरात साडेनऊच्या सुमारास सावली टाकीच्या उंचीच्या पावणेदोन पट लांब असते. टाकी दक्षिणेला असेल तर सावली आधी दक्षिणेकडे झुकलेल्या पॅनलची खालची कडच गाठते. पॅनलमधले सेल, म्हणजे वीज तयार करणारे छोटे चौकोन, पट्टीपट्टीने सिरीजमध्ये, एकामागोमाग जोडलेले असतात. एक झाकला की त्या पट्टीचा करंट अडतो. झाकलेल्या पट्टीला वळसा घालून करंट पुढे नेणारे बायपास डायोड असतात, म्हणाल. असतात की, पॅनलला साधारण तीन. पण पॅनल उभं लावलेलं आणि सावली खाली आडवी, म्हणजे तिन्ही पट्ट्यांतले सेल एकदम झाकले. कड झाकली अन् अख्खं पॅनल गेलं! हाफ-कट, म्हणजे वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगळा जोडलेलं पॅनल असेल तर वरचा अर्धा भाग वाचतो, एवढंच.

जुळे सोलापुरात माझ्या मेहुण्याकडे एका ठेकेदाराने हेच करून ठेवलं होतं. उन्हाळ्यात बसवलं, झकास चाललं, कारण मे-जूनला सूर्य दुपारी डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो. दिवाळीनंतर युनिट घसरले. ठेकेदार म्हणे, धूळ. पॅनल पुसून पुसून मेहुणा थकला. शेवटी मीच टाकी उत्तरेला हलवायला लावली. हे कुठल्या पुस्तकात वाचलं म्हणता?

बाकी, वीज गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या विजेच्या लाइनला जोडलेली सिस्टिमही बंद पडते, हे मी 'लपवलं' म्हणे. लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून पॅनलची वीज घरच्या वापराजोगी करणारा इन्व्हर्टर थांबतो. हे कोणाला ठाऊक नसतं? बॅटरीवर लिहीन कधीतरी. आणि 78,000 रुपयांची सबसिडी 3 किलोवॅटला मिळते, पुढे वाढत नाही, हे लेखात आहे. तिसरा परिच्छेद. तिथपर्यंत आला असतात तर दिसलं असतं.