'जरा नजर टाक ना!'

रविवारी सकाळी वकिलाच्या व्हॉट्सॲपवर पुण्यातल्या बाणेरच्या फ्लॅटच्या कराराचे 40 तिरपे फोटो, खाली एक ओळ: 'जरा नजर टाक ना, पाच मिनिटं.' अरे, सातबारा, फेरफार, इंडेक्स टू म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा, मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च, महारेरा या गृहप्रकल्प नियामकाच्या साइटवर प्रकल्पाचा कर्जबोजा, हे पाच मिनिटांत? वर एक पान गायबच, आणि पार्किंगची अट नेमकी तिथेच! मुद्रांक शुल्काचे 7 टक्के निमूट भरतात. वकिलाची फी म्हटली की 'आपल्यातच ना रे?'

एकच उत्तर पाठवायचं: पूर्ण पीडीएफ ईमेल कर, ऑफिसात वेळ घे, फी आधी. आणि बिल्डरला टोकन, म्हणजे बुकिंगची रक्कम, देण्याआधी ये. चेक वटल्यावर कलम समजावून काय उपयोग? लग्नाच्या पंगतीत तर विचारूच नकोस, मठ्ठा पिऊ दे.