नोटा दाबून आमदार बाद होत नाही, पलूस-कडेगावातही झाला नाही

तो मेसेज परत फिरायला लागलाय. पलूस-कडेगावचं "दाबलेलं सत्य" म्हणून. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०१९ च्या विधानसभेला सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावात नोटा, म्हणजे मशीनवरचं "वरीलपैकी कुणीही नाही" हे बटण, दुसऱ्या नंबरवर आली म्हणजे जनतेनं आमदार नाकारला होता, तरी निकाल दाबून विश्वजीत कदमांना आमदार केलं. संविधानाच्या कलम ४९-ओ प्रमाणे नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली की निवडणूक रद्द होते आणि उभ्या असलेल्या सगळ्या उमेदवारांवर सहा वर्षं बंदी येते, म्हणून सगळ्यांनी मिळून नोटा दाबा. २०१८ ला ते मतदान न होताच आमदार झाले, म्हणजे वडलांची, पतंगराव कदमांची, जागा वारसानं मिळाली आणि ती आमदारकी बेकायदा. त्या घरातलं कुणी कधी हरलेलंच नाही. आणि शेवटी शेपूट म्हणून, यादीत नाव नसलं तरी आधार कार्ड दाखवून "चॅलेंज व्होट" करता येतं, आणि बूथवर १४ टक्के टेंडर मतं पडली की फेरमतदान होतं.

मला हा आमच्या तात्यांनी पाठवला. तात्या पलूस तालुक्यातले, ऊस कारखान्याला गेला की वजनाची पावती दोन-दोनदा बघणारा माणूस, आणि मेसेजखाली व्हॉइस नोट, "तू शिकलेला हाईस न्हवं, मग ह्यात काय खोटं हाय ते सांग." सांगतो की. पण नुसतं तेवढ्यासाठी एवढं टाइप करायला बसलो नसतो. मागच्या विधानसभेला, २० नोव्हेंबर २०२४ ला, तात्यांच्या घरातली दोन पोरं पहिल्यांदा मतदानाला गेली आणि ह्याच मेसेजच्या भरवशावर नोटा दाबून आली. त्यातल्या धाकट्याला खरं तर एका उमेदवाराला मत द्यायचं होतं, त्यानं नंतर मला सांगितलं, पण मित्रांनी सगळ्यांनी ठरवलंय म्हणून त्यानंही मशीनवरचं शेवटचं बटण दाबलं. मतमोजणीच्या दिवशी दुपारी त्याचा फोन, "दादा, मग बंदी कधी जाहीर करत्यात?" आयुष्यातलं पहिलं मत पोरानं असं घालवलं, आणि ज्यानं कुणी हे लिहून सोडलंय त्याला त्याचं काहीच नाही. म्हणून आधी हाच मुद्दा घेतो.

पहिली गोष्ट, संविधानात ४९-ओ नावाचं कलम नाहीच. ४९-ओ हा १९६१ च्या निवडणूक नियमांमधला एक नियम होता. बूथवर गेलात, रजिस्टरमध्ये सही झाली, आणि मग तुम्हाला कुणालाच मत द्यायचं नसेल तर तसं केंद्राध्यक्षाला सांगायचं, तो रजिस्टरमध्ये शेरा मारणार आणि त्या शेऱ्यापुढं तुम्ही परत सही करायची. बस्स, एवढाच तो नियम. त्यानं कुणाची निवडणूक रद्द होत नव्हती, कुणावर बंदी येत नव्हती. उलट गावातल्या बूथवर, जिथं पोलिंग एजंट म्हणून आपलेच भावकीतले बसलेले असतात, तिथं सगळ्यांसमोर "मला कुणालाच मत द्यायचं नाही" म्हणून सांगायचं म्हणजे मत गुप्त राहिलंच कुठं? नेमकी हीच अडचण पीयूसीएल ह्या संघटनेनं सुप्रीम कोर्टात नेली आणि २७ सप्टेंबर २०१३ ला कोर्टानं सांगितलं की कुणीच पसंत नाही हे सुद्धा गुप्तपणे सांगता आलं पाहिजे, मशीनवर तसं बटण द्या. तिथून नोटा आली. म्हणजे मेसेजवाला ज्या नियमाच्या नावानं नोटा दाबायला सांगतोय त्या नियमात मत गुप्त राहत नव्हतं म्हणूनच नोटा आहे.

आता नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर काय? हे निवडणूक आयोगानं ऑक्टोबर २०१३ मध्येच, नोटा पहिल्यांदा वापरायच्या आधीच लेखी स्पष्ट केलंय. नोटाची मतं कुठल्याही उमेदवारापेक्षा जास्त झाली तरी उमेदवारांमध्ये ज्याला सगळ्यात जास्त मतं आहेत तोच निवडून आला असं जाहीर करायचं, त्याच निवडणूक नियमांतल्या नियम ६४ प्रमाणे. ह्यात दोन अर्थ निघतच नाहीत. समजा एखाद्या मतदारसंघात दोन लाख मतदान झालं, त्यातली दीड लाख नोटाला गेली आणि उरलेल्या पन्नास हजारात एका उमेदवाराला वीस हजार आणि बाकीच्यांना त्याहून कमी, तर तो वीस हजारवाला आमदार. पाच वर्षं. ज्यांनी नोटा दाबली त्या दीड लाखातल्या एकाचंही मत त्या निवडीत धरलं जात नाही. डिपॉझिट वाचवायला वैध मतांचा एक षष्ठांश लागतो, त्या हिशोबात सुद्धा नोटा धरत नाहीत. मग सगळ्यांनी ठरवून नोटा दाबली तर फायदा कुणाचा होणार? ज्याची मतं पक्की बांधलेली आहेत त्याचा. नाराज माणूस स्वतःहून बाजूला झाला की त्याला कमी मतांत निवडून येता येतं. पोरांना वाटतंय आपण पुढाऱ्यांना धडा शिकवतोय.

आणि हे अजूनही पटत नसेल तर एवढंच बघा, नोटाला जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द करा आणि त्या उमेदवारांवर बंदी घाला अशी मागणी करणारी जनहित याचिका सुप्रीम कोर्टात गेली, एप्रिल २०२४ मध्ये कोर्टानं त्यावर आयोगाला नोटीस काढली. कायदा आधीपासून असता तर कोण कशाला मागायला गेलं असतं? त्याच वर्षी लोकसभेला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवारानं ऐनवेळी अर्ज मागं घेतला आणि तिथं नोटाला २,१८,६७४ मतं पडली. दोन लाख! निकालावर काडीचा फरक पडला नाही, भाजपचे शंकर लालवानी बारा लाखांवर मतं घेऊन निवडून आले.

एक अर्धवट खरी गोष्ट ह्यात आहे, ती मान्य करायला पाहिजे. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या राज्य निवडणूक आयोगानं आदेश काढला की महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायतीच्या निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर ती निवडणूक परत घ्यायची. पण परत घेतल्यावरही नोटाच पुढं राहिली तर मात्र तिसऱ्यांदा नाही, मग जास्त मतांचा उमेदवारच विजयी. म्हणजे पलूस नगरपरिषद किंवा कडेगाव नगरपंचायतीबद्दल कुणी हे बोलला असता तर मी गप्प बसलो असतो. पण राज्य निवडणूक आयोग वेगळा आणि विधानसभा-लोकसभा घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा, एकाचा आदेश दुसऱ्याच्या निवडणुकीला लागत नाही. कुणीतरी ही नगरपालिकेची बातमी उचलली, त्यात सहा वर्षांची बंदी पदरची घातली आणि आमदारकीला चिकटवली, झाला मेसेज तयार.

आता २०१९. नोटा दुसरी आली हे खरं आहे, अगदी शंभर टक्के, आणि म्हणूनच बाकीचं पण लोकांना खरं वाटतं. आकडे आयोगाच्या निकालपत्रकात आहेत, कुणीही बघू शकतो. विश्वजीत कदम, काँग्रेस, १,७१,४९७. नोटा २०,६३१. शिवसेनेचे संजय विभूते ८,९७६. मेसेजमध्ये ह्यातला मधला आकडा तेवढा आहे, पहिला गाळलाय. जनतेनं नाकारला म्हणता त्या माणसाला नोटाच्या आठपटीहून जास्त मतं आहेत. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारापेक्षा १,६२,५२१ मतं जास्त. ह्यात दाबलं काय? नोटा दुसरी आली ही बातमी तर तेव्हा देशभरच्या पेपरात आली होती, लातूर ग्रामीणला पण तेच झालं म्हणून दोन्ही मतदारसंघांची नावं जोडीनं छापून येत होती.

मग वीस हजार लोकांनी नोटा का दाबली? हे समजून घ्यायचं तर आधीची आणि नंतरची निवडणूक शेजारी ठेवून बघा. २०१४ ला इथं पतंगराव कदम विरुद्ध भाजपचे पृथ्वीराज देशमुख अशी लढत झाली, पतंगराव साधारण २४ हजारांनी जिंकले. २०२४ ला विश्वजीत कदम विरुद्ध भाजपचे संग्रामसिंह देशमुख, फरक साधारण ३० हजारांचा आणि देशमुखांना लाखभर मतं. म्हणजे ह्या मतदारसंघात देशमुख गटाची मतं कायम आहेत, भरपूर आहेत. फक्त मधल्या २०१९ ला युतीत ही जागा शिवसेनेला सुटली आणि मशीनवर ना कमळ होतं ना देशमुख. आपला माणूसच नाही म्हटल्यावर त्या गटाचा मतदार काय करणार? कुणी घरी बसला असेल, कुणी कदमांना दिलं असेल, आणि बऱ्याच जणांनी नोटा दाबली असणार. माझं वाचन तरी असंच आहे आणि आमच्या भागात राजकारण बघणाऱ्या कुणालाही विचारा, बहुतेक हेच सांगतील. ते बटण आमदार नको म्हणून दाबलं त्यापेक्षा आमच्या वाटणीची जागा दुसऱ्याला का दिली म्हणून जास्त दाबलं. राग होताच, पण मेसेजवाला सांगतो तो नव्हे.

२०१८ चं. पतंगराव कदम ९ मार्च २०१८ ला गेले, जागा रिकामी झाली. आमदाराची जागा रिकामी झाली की सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यावी लागते, मुदत वर्षापेक्षा कमी उरलेली असली तर गोष्ट वेगळी. त्याप्रमाणे २८ मेला मतदान ठरलं. भाजपकडून संग्रामसिंह देशमुखांनी अर्ज भरला होता, तो त्यांनी मागं घेतला, बाकीचेही कुणी उरले नाहीत, आणि एक जागा एक उमेदवार झाल्यावर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५३ नुसार निवडणूक अधिकाऱ्याला त्याला निवडून आला म्हणून जाहीर करावंच लागतं. ह्यात बेकायदा काही नाही. वारसानं जागा मिळत असती तर शेजारच्या तासगावात आर. आर. आबांच्या पाठीमागं एप्रिल २०१५ ला मतदान झालंच नसतं, तिथं मोठ्या पक्षांनी उमेदवार दिला नव्हता, पण अपक्ष राहिले म्हणून मशीन लावावंच लागलं आणि आबांच्या पत्नी सुमनताई मतं घेऊन निवडून आल्या.

आता बिनविरोध मला आवडतं का, तर नाही. बिनविरोध झालं की मतदाराला काही म्हणायची संधीच राहत नाही, साधी नोटा पण दाबता येत नाही, आणि पक्षांनी आपसात ठरवून मतदाराला बाजूला ठेवायचं हे मला पटत नाही. मेसेजवाल्यानं एवढंच लिहिलं असतं तर मीच पुढं पाठवला असता. पण बेकायदा म्हणणं आणि चुकीचं वाटणं ह्यात फरक आहे की नाही?

"त्या घरात कुणी हरलंच नाही" हे लिहिणारा आमच्या भागातला नक्कीच नाही. १९८० ला पतंगराव भिलवडी-वांगी मतदारसंघात अवघ्या ८६ मतांनी पडले, हे आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे. १९९५ ला ते आमदार असताना अपक्ष संपतराव देशमुखांनी त्यांना पाडलं, टेंभू पाणी योजनेच्या नावाबरोबर आजही ज्यांचं नाव घेतात तेच संपतराव. ते गेल्यावर १९९६ च्या पोटनिवडणुकीत पृथ्वीराज देशमुख आले. आणि खुद्द विश्वजीत कदम २०१४ ला पुण्यात लोकसभेला उभे होते, तिथं अनिल शिरोळेंनी त्यांना तीन लाखांहून जास्त मतांनी हरवलं. १९९९ पासून आजपर्यंत ती आमदारकी एकाच घरात आहे हे मात्र खरं, आणि त्यावर कुणाला टीका करायची असेल तर खुशाल करा. पण समोरच्या बाजूला पण देशमुखांचं घरच आहे, १९९५ पासून. एका घराचं नाव घ्यायचं आणि दुसऱ्याबद्दल चकार शब्द नाही, ह्यावरून मेसेज कुणाच्या सोयीचा आहे ते ज्याचं त्यानं ठरवावं.

राहिलं शेपूट. चॅलेंज व्होट म्हणजे मतदारानं मागायची गोष्टच नाही, बूथवरचा एजंट दोन रुपये भरून "हा माणूस तो नव्हेच" अशी हरकत घेतो, त्याला म्हणतात. टेंडर मत म्हणजे तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलं असेल तर तुम्हाला मशीनऐवजी कागदी मतपत्रिका देतात ते. त्याचे १४ टक्के झाले की फेरमतदान असा कुठलाही नियम नाही. आणि यादीत नाव नसेल तर आधार दाखवा नाहीतर पासपोर्ट दाखवा, मत देता येत नाही. तात्या, तुमच्या थोरल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत आहे, ते ह्या मेसेजवर विसंबून तसंच ठेवू नका. बीएलओला, म्हणजे बूथच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला, भेटून फॉर्म ८ भरून घ्या, लग्न होऊन पत्ता बदलला की तोच भरायचा असतो, आणि धाकट्याला म्हणावं रात्री फोन कर, मी आकडे पाठवलेत ते त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकायचेत.